उसाचं वजन, उतारा आणि एआय: बारामती-इंदापूरच्या शेतकऱ्याने आकडा तपासायचा कसा?

बारामती तालुक्यात माळेगाव आणि सोमेश्वर, तर इंदापूर तालुक्यात भवानीनगरचा छत्रपती, बिजवडीचा कर्मयोगी आणि शहाजीनगरचा नीरा-भीमा. या सहकारी साखर कारखान्यांना ऊस घालणाऱ्या शेतकऱ्याचं वर्षभराचं, आडसाली असेल तर दीड वर्षाचं, उत्पन्न काही आकड्यांवर ठरतं. काट्यावरचं वजन, कारखान्याचा साखर उतारा, आणि आता मोबाइलवर येणारा एआयचा सल्ला. तिन्ही आकडे शेतकरी स्वतः मोजत नाही. मग ते बरोबर आहेत हे त्याला कळणार कसं?

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. आकडा कुठून आला असं विचारणं म्हणजे कुणाला चोर म्हणणं नाही. किराणा दुकानात आपण तराजूकडे बघतोच की!

काट्यावर वजन कसं ठरतं?

वजनकाट्याच्या प्लॅटफॉर्मखाली लोड सेल बसवलेले असतात. भार पडला की त्यांतून जाणारा विजेचा संकेत बदलतो आणि त्याचा आकडा पडद्यावर दिसतो. आधी भरलेलं वाहन, मग रिकामं वाहन. दोन्हींतला फरक म्हणजे उसाचं निव्वळ वजन.

समजा एका खेपेत २० टन ऊस आहे आणि काट्यात १ टक्क्याची चूक आहे. म्हणजे २०० किलोंचा फरक. टनाला ३,००० रुपये धरले तर एका खेपेमागे ६०० रुपये.

काट्याची पडताळणी वैधमापन विभाग करतो. ती दर वर्षी व्हावी लागते. गाळप हंगामात तपासणीसाठी भरारी पथकंही नेमली जातात. बाहेरच्या काट्यावर वजन करून आणलेला ऊस कारखान्यांनी नाकारू नये, असे निर्देश साखर आयुक्तालयाने दिलेले आहेत.

मात्र तुलना करताना दोन्ही काट्यांवर त्याच दिवशी, भरलेलं आणि रिकामं, असं दोन्ही वजन करा. तोडलेला ऊस वाळतो आणि हलका होतो. आज बाहेर आणि उद्या कारखान्यात वजन केलं, तर आलेल्या फरकाचा दोष काट्यावर टाकता येणार नाही.

उतारा म्हणजे काय? तो माझ्या उसाचा असतो का?

उतारा म्हणजे १०० किलो उसातून निघालेली साखर. पण बिलासाठी धरला जाणारा उतारा तुमच्या शेताचा नसतो. तो संपूर्ण कारखान्याची सरासरी असतो.

२०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये, म्हणजे टनाला ३,५५० रुपये एफआरपी ठरवली. त्यापुढच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला टनामागे ३४ रुपये ६० पैसे जादा. उतारा ११.२५ टक्के असेल, तर टनाला ३,८९६ रुपये होतात. यातून तोडणी आणि वाहतुकीचा खर्च वजा होतो. समजा तो ९०० रुपये आहे, तर हातात २,९९६ रुपये येतात.

म्हणजेच उताऱ्यात ०.१ टक्क्याचा फरक पडला, तर १०० टन ऊस घालणाऱ्याचे ३,४६० रुपये कमी-जास्त होतात.

इथे इथेनॉलचाही मुद्दा आहे. उसाचा रस किंवा बी-हेवी मळी इथेनॉलकडे वळवली, की साखर कमी निघते आणि उतारा घटलेला दिसतो. ही घट हिशेबात भरून काढायची असते, आणि त्याचं प्रमाणपत्र महाराष्ट्रात मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट देते. म्हणून वार्षिक सभेत नुसतं "उतारा किती?" एवढंच विचारून थांबू नका. "इथेनॉलची भर धरून किती आणि न धरता किती?" हेही विचारा.

एआयच्या सल्ल्याला काय विचारायचं?

बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने कृषी विज्ञान केंद्रामार्फत, मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या सहकार्याने ऊसशेतीत एआयचा प्रयोग सुरू केला. फेब्रुवारी २०२५ मध्ये सत्या नाडेला यांनी त्याची चित्रफीत समाजमाध्यमावर टाकली आणि ती जगभर पोहोचली.

यात जमिनीतले सेन्सर, हवामान केंद्र आणि उपग्रहाची छायाचित्रं यांची माहिती एकत्र करून पाणी, खत आणि रोग-किडींबद्दल सल्ला दिला जातो. उत्पादन वाढतं आणि पाणी वाचतं, असं सांगितलं जातं. त्याबद्दल विचारण्यासारखे प्रश्न असे:

- तुलना कशाशी केली? एआयच्या प्लॉटला ठिबक आणि शेजारच्याला पाटपाणी असेल, तर वाढ एआयची की ठिबकची?
- सेन्सर कुठे बसवलाय? तो एका जागेची ओल सांगतो. एकाच गटात वर मुरमाड आणि खाली काळी जमीन असेल, तर सल्ला कोणत्या भागासाठी?
- सल्ला चुकला, तर नुकसान कोण सोसणार?
- माझ्या शेताची माहिती कोणाकडे जमा होते?

पहिल्या हंगामात सोपी पडताळणी करता येते. सल्ला आला की दोन-तीन ठिकाणी खुरप्याने उकरून वाफसा बघा आणि वहीत नोंदवा. सेन्सर आणि वही सतत जुळत असतील, तर निर्धास्त व्हा. जुळत नसतील, तर ती वही घेऊन केंद्रात जा. शास्त्रज्ञांनाही अशी नोंद उपयोगाचीच असते.

विचारून काही होतं का?

होतं. ऊस कारखान्याला पोहोचल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावेत आणि उशीर झाल्यास १५ टक्के व्याज द्यावं, असं १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. तरी राज्य सरकारने २०२२ मध्ये एफआरपी हप्त्यांत देण्याची मुभा दिली. राजू शेट्टी यांनी त्याला न्यायालयात आव्हान दिलं आणि मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो शासन निर्णय रद्द केला.

थोडक्यात

प्रत्येक खेपेची पावती जपून ठेवा. काट्याच्या पडताळणीची तारीख विचारा. उताऱ्याचा हिशेब मागा. एआयचा सल्ला वहीशी ताडून पाहा. यासाठी लागणारं गणित वजाबाकी, सरासरी आणि शेकडेवारी एवढंच आहे. घरात सातवी-आठवीतलं मूल असेल, तर पुढच्या बिलाचा हिशेब त्याच्यासोबत बसून करा. शाळेतली शेकडेवारी कशाला लागते, हे त्यालाही कळेल.