खुळा कोण, हे ठरवायचे कोणी?

आम्हा कोल्हापूरकरांच्या तोंडी ‘खुळा’ हा शब्द दिवसातून दहा वेळा येतो. कधी रागाने, कधी लाडाने. कवितेच्या मागे लागलेल्या माणसाला तर हा किताब घरातूनच मिळतो. तिथवर ठीक. पण हाच शिक्का सरकारी कागदावर उमटला की काय होते, याचा इतिहासही आमच्याच गावचा आहे.

१८७१ मध्ये कोल्हापूरच्या गादीवर आठ वर्षांचा मुलगा दत्तक आला. तेच चौथे शिवाजी महाराज. गादी त्यांची, पण हुकूम इंग्रजांचा. पुढे महाराजांच्या बुद्धीला भ्रंश झाला आहे, असे सरकार म्हणू लागले. लोकांना ते पटेना. महाराजांना छळून वेडे ठरवले जात आहे, असा बोभाटा झाला. ‘केसरी’ आणि ‘मराठा’ या पत्रांनी कारभारी माधवराव बर्वे यांच्यावर झोड उठवली. ज्या पत्रांच्या आधारे आरोप केले, ती बनावट निघाली. जुलै १८८२ मध्ये टिळक आणि आगरकर यांना चार महिन्यांची शिक्षा झाली. १०१ दिवसांनी ते डोंगरीच्या तुरुंगातून सुटले.

पत्रे खोटी ठरली, पण महाराजांची कैद खरी होती. त्यांना अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, किल्ल्यात ठेवले होते. २५ डिसेंबर १८८३ रोजी ग्रीन नावाच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत त्यांचा अंत झाला. वय अवघे वीस.

महाराज खरेच आजारी होते की त्यांना तसे ठरवले गेले, हा वाद अजून मिटलेला नाही. आजचे मानसशास्त्र अशा वेळी काय विचारते, ते पाहण्यासारखे आहे. ‘अपसामान्य वर्तन’ ओळखताना काही कसोट्या लावतात. हे वागणे चारचौघांपेक्षा फार वेगळे आहे का? समाजाच्या रीतीला सोडून आहे का? त्या माणसाला स्वतःला त्याचा त्रास होतो का? झोप, जेवण, काम, नाती यांची घडी विस्कटली आहे का? त्याच्यापासून कुणाला धोका आहे का?

यातली कुठलीही एक कसोटी पुरेशी नाही. नुसते वेगळेपण मोजले तर अलौकिक बुद्धीचा माणूसही रोगी ठरेल. आणि समाजाची रीत तर काळाबरोबर बदलते. अमेरिकेत १८५१ मध्ये सॅम्युएल कार्टराइट नावाच्या डॉक्टरने, मालकाकडून पळून जाणाऱ्या गुलामांना मनाचा रोग जडलेला असतो, असे मांडले होते! त्याच देशातल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने समलैंगिकतेला आजारांच्या यादीतून वगळले ते १९७३ मध्ये.

म्हणून वागण्याबरोबर परिस्थितीही पाहावी लागते. आपल्या माणसांपासून दूर, पहाऱ्यात ठेवलेला वीस वर्षांचा तरुण शिपायाच्या अंगावर धावून गेला, तर तो रोग म्हणायचा की संताप? निदान करणारा आणि कैद करणारा एकच असेल, तर हा प्रश्न विचारणार कोण?

आगरकरांनी त्या तुरुंगवासात शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’चे भाषांतर हाती घेतले होते. ‘विकारविलसित’ या नावाने ते १८८३ मध्ये प्रसिद्ध झाले. वेडाचे सोंग घेणाऱ्या राजपुत्राची ती कथा. एका राजाच्या वेडावरून तुरुंगात गेलेल्या माणसाला ती जवळची वाटली असेल, तर नवल नाही.

आपल्या २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात आता स्पष्ट लिहिले आहे, की माणसाचे राजकीय, आर्थिक वा सामाजिक स्थान, त्याचा वंश वा धर्म पाहून कुणालाही मनोरुग्ण ठरवता येणार नाही. हे कलम वाचताना मला नगरचा किल्ला आठवतो.

आपल्या गल्लीत कुणाचे वागणे बदललेले दिसले, तर त्याला नाव ठेवण्याआधी दोन गोष्टी विचाराव्यात. बाबा, तुला झोप लागते का? तुझ्यावर काय बेतले आहे? उत्तर ऐकून घ्यावे आणि गरज वाटली तर त्याला डॉक्टरांकडे न्यावे. महाराजांना हे कुणी विचारले असते, तर कदाचित त्यांची कहाणी वेगळी झाली असती.