कळमेश्वरचा आखर आणि गोसुधारणा

नागपूर जिल्ह्यातील गोसुधारणेचा इतिहास सरकारी योजनांपासून सांगण्याचा प्रघात आहे. प्रस्तुत लेखकास तो कळमेश्वर परिसरातील दोन शब्दांपासून सांगणे अधिक इष्ट वाटते. या भागात गुराख्यास ‘गायकी’ म्हणतात आणि गावची गुरे सकाळी ज्या मोकळ्या जागी जमतात, तिला ‘आखर’. गाय ज्याची त्याच्या मालकीची खरी. परंतु आखरावर सोडल्यावर दिवस मावळेपर्यंत ती गावच्या कळपातली होई. कोणत्या गाईस कोणता वळू लागला, हे मालकापेक्षा गायकीसच अधिक ठाऊक असे.

हा सामाईकपणा कागदोपत्रीही होता. मालगुजारीच्या काळी चराईचे हक्क ‘निस्तार’ या सदरात येत व गावाच्या ‘वाजिब-उल-अर्ज’ या दस्तऐवजात नोंदले जात. (संस्कृत आणि अरबी वळणाचे हे शब्द एकाच दप्तरात किती सुखाने नांदले!) १९५१ मध्ये मालगुजारी संपुष्टात आली.

येथील नामांकित जात गवळाऊ. पांढरी, चपळ, वेगाने गाडी ओढणारी. कळप राखला जाई तो मुख्यतः बैलासाठी, मांसासाठी नव्हे. १९५२ मध्ये सुरू झालेल्या ‘की व्हिलेज’ योजनेने तीन वर्षांवरील सुमारे ५०० गाईंचा एक गावगट कल्पिला. निवडक वळू ठेवावेत, बाकीच्यांचे खच्चीकरण करावे, असा तिचा विचार. शास्त्रदृष्ट्या तो निर्दोष होय. परंतु सामाईक कळपात एका मालकाने नकार दिला, तरी त्याचा एक वळू शेजाऱ्यांची सारी निवड निष्फळ करतो. बुळकांडीविरुद्ध १९५४ पासून चाललेल्या मोहिमेचे तसे नव्हते. लस ज्या जनावरास टोचली, त्याचे रक्षण करतेच. २००६ मध्ये भारत त्या रोगापासून मुक्त ठरला.

पुढे १९७६ च्या कायद्याने गाईची आणि २०१५ मध्ये अमलात आलेल्या दुरुस्तीने बैल-वळूंचीही कत्तल निषिद्ध झाली. म्हणजे थकलेले जनावरही त्याच चाऱ्यावर राहणार, हे कळपाच्या हिशेबात धरावयास हवे.

रसेल व हिरालाल यांनी १९१६ च्या आपल्या ग्रंथात मराठी मुलखातील गुरे राखणारी जात म्हणून गोवारींची नोंद केली आहे. याच समाजाचे ११४ जण २३ नोव्हेंबर १९९४ रोजी नागपुरात मोर्चाच्या चेंगराचेंगरीत मृत्युमुखी पडले. सुधारणेच्या परिभाषेत ‘पशुपालक’ म्हणजे गुरांचा मालक. आखरावरून कळप हाकणाऱ्यास त्या शब्दात जागा नाही.