सुपरहिरो समूहपट

अलौकिक सामर्थ्याच्या अनेक नायकांना एकाच कथानकात गुंफणारा चित्रपटप्रकार. त्याचे मूळ अमेरिकन चित्रकथांत आहे (पहा : कॉमिक्स). ‘जस्टिस लीग’ हा संघ १९६० मध्ये, तर स्टॅन ली व जॅक कर्बी यांचा ‘अ‍ॅव्हेंजर्स’ १९६३ मध्ये अवतरला. पडद्यावर हा प्रकार ‘एक्स-मेन’ने (२०००) रुजवला.

नायकांच्या परिचयाला किती वेळ द्यायचा, हा या प्रकारातील मुख्य पेच. जॉस व्हेडन दिग्दर्शित ‘द अ‍ॅव्हेंजर्स’च्या (२०१२) आधी पाच स्वतंत्र चित्रपटांनी प्रमुख नायकांची ओळख करून दिली होती, त्यामुळे त्यांच्यातील खटक्यांना वाव मिळाला. खलनायक लोकी हा थॉरचा दत्तक भाऊ असल्याने संकटही घरातलेच ठरते. अंतिम लढाईत ज्याच्या त्याच्या स्वभावानुसार काम वाटलेले आहे : कॅप्टन अमेरिकाकडे व्यूहरचना, हल्ककडे मोडतोड. समतोल मात्र मिनिटे मोजून साधत नाही. हल्क पडद्यावर थोडाच वेळ दिसतो, तरी ठसतो.

‘जस्टिस लीग’मध्ये (२०१७) फ्लॅश व सायबॉर्ग यांची ओळख आणि मुख्य संघर्ष १२० मिनिटांत कोंबले गेले. दिग्दर्शक झॅक स्नायडर मध्येच बाजूला झाल्याने व्हेडन यांनी केलेल्या पुनर्चित्रणाचा सूरही वेगळा पडला. स्नायडर यांच्या सुमारे ४ तासांच्या आवृत्तीत (२०२१) सायबॉर्गचे कथानक विस्ताराने आले. पूर्वपरिचय अनिवार्य नाही, हे ‘गार्डियन्स ऑफ द गॅलेक्सी’ने (२०१४) दाखवले.

स्वतंत्र चित्रपटांना एका सलग कथाविश्वात जोडण्याची निर्मितीपद्धती या प्रकाराने रूढ केली (पहा : चित्रपटमालिका).