बारा टक्क्यांचा आकडा

दुकानाच्या गल्ल्यावरच्या कॅल्क्युलेटरची ती काळपट पट्टी तुम्ही कधी बोटाने झाकून पाहिली आहे का? पुष्कळ कॅल्क्युलेटरांत आकडे फिके होत जातात, बोट काढले की पुन्हा उमटतात. जपानच्या सान्यो कंपनीने १९८० मध्ये अशा पट्ट्या बाजारात आणल्या. ती पट्टी सिलिकॉनची. आज मला सांगायची आहे ती तिच्या एका चुलत बहिणीची, रंगाच्या साहाय्याने वीज करणाऱ्या सौरघटाची हकीकत.

तिचा उगम छायाचित्रकाराच्या अंधाऱ्या खोलीत आहे. जुन्या काचेच्या प्लेटला निळा-जांभळा प्रकाश तेवढा कळे. पिवळे फूल फोटोत काळे पडे. काचेवरून उलट फिरणारा उजेड रोखण्यासाठी काही प्लेटांत रंग घालत. १८७३ मध्ये बर्लिनच्या हेर्मान फोगेल यांना आढळले की, या रंगामुळे प्लेटला हिरवाही ‘दिसू’ लागतो. पुढे १८८७ मध्ये व्हिएन्नात जेम्स मोझर यांनी चांदीच्या क्षाराला एरिथ्रोसिन नावाचा रंग दिला, तेव्हा उजेडात मिळणारा विद्युतप्रवाह वाढला. पण या शोधाचे करायचे काय, हे कोणाला उमगले नाही. १९६८ मध्ये जर्मनीत गेरिशर आणि त्रिबुत्श यांनी झिंक ऑक्साइडच्या स्फटिकावर रंग लावून त्यामागची क्रिया बरीच उलगडली. अडचण अशी की, सपाट स्फटिकाला चिकटलेला रंगाचा एकच थर कामाचा, आणि तेवढ्या पातळ थरात उजेड अडकतो तो नाममात्र.

ही अडचण सोडवली स्वित्झर्लंडमधील लोझानच्या मायकेल ग्रेट्झेल आणि ब्रायन ओरेगन यांनी. भिंतीच्या पांढऱ्या रंगात असते ते टिटॅनियम डायऑक्साइड त्यांनी अतिसूक्ष्म कणांच्या रूपात घेतले आणि काचेवर मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतका थर दिला. थर कसला, स्पंजच तो! कणाकणाला रंग चिकटला आणि उजेड टिपणारे क्षेत्र शेकडो पटींनी वाढले. रंगाने उजेड घ्यायचा, इलेक्ट्रॉन पांढऱ्या कणांना द्यायचा आणि रिकामी झालेली जागा आयोडीनच्या द्रावाने भरून काढायची, असा हा व्यवहार.

ऑक्टोबर १९९१ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या त्यांच्या निबंधात दोन आकडे होते. कृत्रिम सूर्यप्रकाशात कार्यक्षमता सात ते आठ टक्के. आणि मंद, विखुरलेल्या दिवसाच्या उजेडात बारा टक्के. माझ्या मते सारी गोष्ट या दुसऱ्या आकड्यात होती. पण डोळे लागले पहिल्याकडे. हा स्वस्त घट सिलिकॉनला छपरावरून खाली उतरवील, अशी आशा होती. झाले उलटे. सिलिकॉन स्वस्त होत गेले आणि छप्पर त्याचेच राहिले.

खोलीत मात्र हिशेब बदलतो. ट्यूबलाइट किंवा एलईडीचा उजेड जवळजवळ सगळा डोळ्याला दिसणारा असतो, आणि रंग नेमका तोच टिपतो. शिवाय मंद उजेडात सिलिकॉनची अवस्था गळक्या बादलीसारखी होते. मोठ्या नळाखाली ती भरते, थेंबथेंब पडले तर भरतच नाही. रंगाच्या घटाची बादली कमी गळते.

तरी द्रावाची डोकेदुखी होतीच. आयोडीन धातू कुरतडते आणि घटाचा विद्युतदाबही खाते. २०१७ मध्ये स्वीडनमधील उप्साला येथील मारिना फ्रायटाग आणि सहकाऱ्यांनी आयोडीनऐवजी तांब्याची संयुगे वापरली, दोन रंग एकत्र केले आणि १००० लक्स उजेडात २८.९ टक्के कार्यक्षमता मिळवली. २०२० मध्ये याच वाटेने ३४ टक्क्यांपर्यंत मजल गेली.

श्रोतेहो, टक्क्यांनी हुरळून जाऊ नका. भर उन्हात सुमारे एक लाख लक्स उजेड असतो, घरच्या खोलीत दोनशे-तीनशे. उप्सालाच्या घटाने २०० लक्सला प्रत्येक चौरस सेंटिमीटरमागे १५.६ मायक्रोवॅट दिले. म्हणजे १०० चौरस सेंटिमीटरच्या, पोस्टकार्डाहून थोड्या लहान पट्टीतून दीड मिलिवॅट. तिच्यावर पंधरा वॅट-तासांचा मोबाईल भरायचा तर अहोरात्र दिवा लावून चारशे दिवस! रिमोट, थंडी-उष्मा मोजणारा संवेदक, दाराची सूचना देणारी डबी यांना मात्र ही वीज पुरते. आणि अशा डब्या वाढतील तितके बटणसेल बदलून फेकणे वाढणार आहे.

बाजारात हा घट चाचपडतच आला. वेल्समधल्या एका कंपनीने २००९ मध्ये पिशव्यांवर बसवण्यासाठी पहिला माल हाँगकाँगला धाडला. जपानच्या रिकोने २०२० मध्ये द्रावाऐवजी घन पदार्थ वापरलेले घट विकायला काढले, म्हणजे गळण्याची भीती गेली. २०२१ मध्ये स्वीडनच्या एक्सेगर कंपनीचे घट हेडफोनच्या पट्टीवर चढले. आपल्याकडे तिरुवनंतपुरमच्या सीएसआयआर प्रयोगशाळेतही खोलीतल्या उजेडासाठी असे घट घडवण्याचे काम चालते. भाव आणि टिकाऊपणा या दोन गोष्टींवर गाडी अजून अडखळते. कॅल्क्युलेटरची जुनी पट्टी वर्षानुवर्षे मुकाट्याने चालते. नव्या पट्टीला बरोबरी करायची आहे ती तिच्याशी.