प्लायवुडमधील फॉर्माल्डिहाइड

प्लायवुडमधील फॉर्माल्डिहाइड : लाकडाचे पातळ थर जोडणाऱ्या आसंजकातून (चिकटविणाऱ्या पदार्थातून) बाहेर पडणारा वर्णहीन, उग्र वासाचा वायू. पूर्वी थर जोडण्यासाठी केसीन, रक्तातील अल्ब्युमीन किंवा सोयाबीनचे पीठ यांपासून केलेले सरस वापरीत. ते दमट हवेत टिकत नसत. १९३० नंतर फॉर्माल्डिहाइडयुक्त रेझिने प्रचारात आली. त्यांपैकी फिनॉलाचे रेझीन पाण्याला दाद देत नाही व त्यातून वायूही अत्यल्प सुटतो. यूरियाचे रेझीन स्वस्त, फिकट व लवकर कठीण होणारे असल्याने घरातील फळ्यांसाठी तेच रूढ झाले. परंतु उष्णता व आर्द्रता यांमुळे त्याचे जलीय विच्छेदन होऊन वायू दीर्घकाळ झिरपत राहतो.

१९७३ च्या इंधनटंचाईनंतर अमेरिकेत घरे हवाबंद बांधली जाऊ लागली, तेव्हा डोळे चुरचुरणे, खोकला इ. तक्रारी वाढल्या. १९८० मध्ये या वायूमुळे प्रयोगशाळेतील उंदरांना नाकाचा कर्करोग झाल्याचे प्रसिद्ध झाले. १९८४ मध्ये कारखान्यात बनणाऱ्या घरांतील प्लायवुडासाठी दशलक्ष भागांत ०.२ भाग ही मर्यादा ठरली. ती प्रवासी वाहनगृहांना मात्र लागू नव्हती आणि २००५ च्या कॅट्रिना चक्रीवादळानंतर बेघरांपैकी अनेकांना नेमकी तीच देण्यात आली. २००७-०८ मध्ये ५१९ तात्पुरत्या निवाऱ्यांतील हवा तपासली असता सरासरी प्रमाण ०.०७७ व कमाल ०.५९ भरले. ही तपासणी हिवाळ्यातली. उन्हाळ्यात ते याहून अधिकच असणार. २०१० च्या कायद्याने कठीण लाकडाच्या प्लायवुडासाठी ०.०५ ही मर्यादा घातली. दरम्यान काही कारखाने पुन्हा सोयाबीनच्या, पण सुधारित, आसंजकाकडे वळले होते.