चारी बाजूंनी येणारं गाणं

देवळात भजन रंगतं तेव्हा टाळ डावीकडून वाजतात, मृदंग उजवीकडून, आणि मागून म्हणणाऱ्या आपण बायका पाठीशी. डोळे मिटले तरी कोण कुठं बसलंय ते कळतं. तेच भजन रेडिओच्या डब्यातून ऐकलं की सगळी मंडळी एका भोकात कोंबल्यासारखी वाटतात. ही कोंडी फोडायला माणसाला शंभरावर वर्षं लागली.

१८८१ साली पॅरिसला विजेचं मोठं प्रदर्शन भरलं होतं. क्लेमाँ आदेर यानं तिथल्या ऑपेरागृहाच्या रंगमंचावर टेलिफोनचे मायक्रोफोन मांडले आणि प्रदर्शनातल्या लोकांच्या दोन्ही कानांना दोन वेगळे फोन लावायला दिले. लोकांना गाणारी माणसं रंगमंचावर हलताना ऐकू आली!

पुढं इंग्लंडमध्ये ॲलन ब्लुमलाइन नावाचा इंजिनिअर होता. सांगतात, तो होणाऱ्या बायकोबरोबर सिनेमाला गेला होता. पडद्यावरचा माणूस एका कडेला आणि आवाज भलतीकडून, हे त्याला खटकलं. १९३१ मध्ये त्यानं पेटंटसाठी अर्ज केला. तबकडीची खाच एकच, पण तिच्या दोन भिंतींवर दोन आवाज कोरायचे, ही युक्ती त्यात होती. १९४२ मध्ये विमान अपघातात तो गेला, तेव्हा वय होतं अवघं ३८. तशा तबकड्या बाजारात आल्या १९५८ च्या सुमारास. त्याला त्या बघायला मिळाल्या नाहीत.

१९७० नंतर कंपन्यांनी चार स्पीकरचं गाणं काढलं, दोन पुढं, दोन मागं. आणि इथंच माशी शिंकली. एस-क्यू, क्यू-एस, सीडी-फोर, ज्याची त्याची पद्धत निराळी. एकाची तबकडी दुसऱ्याच्या यंत्रावर लावली तर चार बाजू नीट उलगडायच्या नाहीत. भांडण कंपन्यांचं, पैसे घरातल्यांचे. दहा वर्षांच्या आतच तो बाजार बसला.

१९९९ मध्ये सोनी आणि फिलिप्स यांनी सुपर ऑडिओ सीडी आणली. आकार साध्या सीडीएवढाच. साधी सीडी आवाजाचं माप सेकंदाला ४४,१०० वेळा घेते. ही मात्र सेकंदाला २८ लाखांहून जास्त वेळा आवाजाचा चढउतार टिपते, आणि सहा स्पीकरना सहा वेगळे आवाज देते. घरात ऐकायला बसलं की सभागृहाची मागची भिंतसुद्धा ऐकू येते. (खरी मजा मधल्या खुर्चीवरच. ती कुणाला मिळते, हे सांगायला नको.)

आम्हाला भावली ती पुढची गोष्ट. फिलिप्सनं १९७० नंतर चार बाजूंनी रेकॉर्ड केलेल्या कित्येक मैफली तेव्हा दोनच बाजूंच्या म्हणून विकल्या होत्या. पण मूळ टेपा कुणी फेकल्या नाहीत. तीसेक वर्षांनी पेंटाटोन या डच कंपनीनं त्या काढून नव्या तबकड्यांवर चारी बाजूंसकट आणल्या.

आम्ही काय केलं? गेल्या वर्षी जात्यावरच्या ओव्या मोबाइलवर घेतल्या, कार्यक्रमापुरती तीन मिनिटं ठेवली, आणि मोबाइल भरला म्हणून बाकी पुसून टाकलं. त्या आजी या पावसाळ्यात गेल्या.

रविवारी सकाळी पुन्हा बसतोय. या वेळी जात्याच्या दोन्ही अंगांना दोन मोबाइल ठेवणार आहोत. ज्यांना ओव्या येतात त्यांनी सासूबाईंना घेऊन स्टेशनवर या. जातं आहे इथं, दळण तेवढं घरून आणा.