कागदावरची जहाजे : निमोण्याच्या एका स्टोकरचा माग

आमचे निमोणे शिरूर तालुक्यात, सह्याद्रीच्या पूर्वेकडील कमी पावसाच्या पट्ट्यात. पलटणीत गेलेल्या माणसांच्या कथा या भागात पुष्कळ आहेत. आमच्या घरात मात्र एक नाविक आहे. पणजोबांचे धाकटे बंधू दुसऱ्या महायुद्धात रॉयल इंडियन नेव्हीत स्टोकर, म्हणजे बॉयलरखान्यातील खलाशी होते. घरात त्यांचा उल्लेख ‘बोटीवरचे तात्या’ असा होतो, आणि ‘तात्या बेंगालवर होते, दोन जपानी बोटींशी लढले’ हे त्यांच्याविषयीचे ठरलेले वाक्य. हा थ्रेड त्या वाक्याच्या तपासाचा आहे.

प्रथम ‘बेंगाल’विषयी. 11 नोव्हेंबर 1942 रोजी हिंदी महासागरात ‘एच.एम.आय.एस. बेंगाल’ ही ऑस्ट्रेलियात बांधलेली छोटी सुरुंगशोधक नौका ‘ओन्डिना’ या डच तेलवाहू जहाजाच्या सोबतीला होती. समोर ‘होकोकू मारू’ आणि ‘आइकोकू मारू’ ही दोन सशस्त्र जपानी जहाजे आली. प्रत्येकी दहा हजार टनांहून मोठी. ‘बेंगाल’वर मोठी म्हणावी अशी तोफ एकच. तरीही लेफ्टनंट कमांडर विल्सन यांनी नौका शत्रूच्या दिशेने वळवली. ‘होकोकू मारू’ बुडाले. ‘ओन्डिना’चा कप्तान मारला गेला, पण दोन्ही दोस्त जहाजे बंदराला लागली.

अशा लढाईत आपला माणूस असावा असे कोणत्या घराला वाटणार नाही? पण गणित पाहा. 1939 मध्ये या नौदलात दोन हजारांहूनही कमी माणसे होती. युद्ध संपेपर्यंत ती संख्या पंचवीस हजारांच्या वर गेली. ‘बेंगाल’वर त्या दिवशी होते शंभराच्या आत.

तात्यांच्या सेवापत्रकात भरतीचे साल 1943 आहे. म्हणजे लढाईनंतरचे. एका तारखेने प्रश्न निकालात निघाला.

त्याच पत्रकात ‘जहाज’ या रकान्याखाली तीन नावे आहेत : डलहौसी, नर्बदा, शिवाजी. घरातील मंडळींनी ती तीन युद्धनौकांची नावे मानली होती, आणि ‘शिवाजी’ नावाची युद्धनौका म्हटल्यावर अभिमान वाटणे साहजिकच. मात्र ब्रिटिश आरमाराच्या प्रथेनुसार प्रत्येक नाविक कोणत्यातरी जहाजाच्या पटावर असावा लागे. म्हणून किनाऱ्यावरील बराकी व शाळांनाही जहाजाप्रमाणे नावे देत. ‘डलहौसी’ म्हणजे मुंबईच्या फोर्टमधील कॅसल बराकी. आज तिथे ‘आय.एन.एस. आंग्रे’ आहे. ‘तलवार’ ही कुलाब्याची संदेशवहन शाळा. आणि ‘शिवाजी’? ती 15 फेब्रुवारी 1945 रोजी लोणावळ्यात सुरू झालेली यांत्रिकी प्रशिक्षण संस्था. आपल्याच जिल्ह्यात, घाटमाथ्यावर! स्टोकरला तिथे पाठवणे अगदी स्वाभाविक होते.

उरले ‘नर्बदा’. हेच एक खरे जहाज, आणि घरात त्याचे नाव कोणी कधी घेतले नव्हते. इंग्लंडमध्ये थॉर्निक्रॉफ्ट कंपनीने बांधलेली ही स्लूप 1943 मध्ये नौदलात आली. तिच्यावर चार इंची सहा तोफा होत्या. जानेवारी 1945 मध्ये ब्रह्मदेशाच्या आराकान किनाऱ्यावर म्येबोन व कांगॉ येथे फौजा उतरल्या, तेव्हा ‘नर्बदा’ आणि ‘जमुना’ यांनी तोफांचा आधार दिला. खारफुटीने वेढलेल्या अरुंद खाड्यांत मोठी जहाजे शिरवणे जोखमीचे होते. पत्रकातील तारखांप्रमाणे तात्या त्या महिन्यात ‘नर्बदा’वर होते. स्टोकरची जागा जहाजाच्या पोटात. वर तोफा सुटत असताना त्याला किनारा दिसत नाही, फक्त हादरे कळतात. सांगण्याजोगी गोष्ट त्यांना यात दिसली नसावी. मला तरी ही ‘बेंगाल’पेक्षा उणी वाटत नाही.

सेवामुक्तीचे साल 1946. हे साल दिसले की अनेकजण थेट नाविकांच्या उठावाशी संबंध जोडतात. 18 फेब्रुवारी 1946 रोजी ‘तलवार’वर सुरू झालेला तो संप देशभर पसरला आणि त्यानंतर कित्येकांना काढून टाकले, हे खरे. पण त्याच वर्षी युद्धकाळातील भरती कमी करण्यासाठीही मोठ्या संख्येने नाविकांना घरी पाठवले गेले. साल नव्हे, कारणाचा रकाना वाचावा. तात्यांच्या पत्रकात संख्याकपात हेच कारण आहे.

आपल्या घरी असा कागद असल्यास आधी प्रत्येक ‘जहाज’ पाण्यावर होते की जमिनीवर, ते ठरवा. मग डी. जे. ई. कॉलिन्स यांचा 1964 मध्ये प्रसिद्ध झालेला अधिकृत इतिहास उघडा. तो जहाजांचा आहे, खलाशांचा नव्हे, पण तारखा जुळवायला उपयोगी पडतो. कागदच नसेल, तर खलाशांच्या नोंदी पाहणारे नौदलाचे कार्यालय मानखुर्दच्या चीता कॅम्पमध्ये आहे; सेवाक्रमांक ठाऊक असेल तर आधी तोच कळवावा. युद्धात मृत्यू पावलेल्यांची नावे मशीद बंदरच्या इंडियन सेलर्स होममधील स्मारकात आहेत. तिथे नौदलाबरोबर व्यापारी जहाजांवरचे खलाशीही आहेत, आणि ‘बोटीवर होते’ एवढेच ठाऊक असलेल्या घरांनी ही दुसरी शक्यता आधी तपासावी.